यादीसारखा दिसतो, पण यादी नसतो: पीएचपीच्या ॲरेबद्दल

प्रश्न: मी हिशेबनीस आहे. आमच्या संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणारा सहकारी सोडून गेला आणि प्रशिक्षणार्थींची हजेरी, गुण, याद्या असं पीएचपीत लिहिलेलं सगळं काम माझ्याकडे आलं. भाषा मी माझी मीच शिकते आहे. ॲरे समजला असं वाटतं, तोच काहीतरी विपरीत होतं. नापास झालेल्यांना गाळून यादी ब्राउझरकडे पाठवली की पडदा कोरा राहतो. न गाळता पाठवली तर व्यवस्थित दिसते. एका पानावर शेवटचं नाव गायब होतं आणि त्याच्या आधीचं दोनदा येतं. यादीतलं पहिलंच नाव शोधलं तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं, बाकीची सापडतात. हजेरीच्या फॉर्ममध्ये तर एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर पडते. दुसऱ्या भाषांत ॲरे सरळ असतो म्हणतात. मी पीएचपी सोडून दुसरी भाषा धरू का? आणि जुन्या कोडमध्ये ‘ॲरे’ असं लिहून गोल कंसात बांधलेले ॲरे आहेत, ते चौकोनी कंसात बदलून घेऊ का?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

भाषा सोडू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण लिहिलेली प्रत्येक तक्रार नेमकी आहे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे सगळं त्यात आहे. असं लिहिता येणाऱ्या माणसाला प्रोग्रॅमिंग येत नाही यावर माझा विश्वास नाही. अडचण तुमच्या समजेत नाही. पीएचपीतल्या ॲरेची ओळखच तुम्हाला चुकीची करून दिली गेली आहे. बहुतेक धडे ‘ॲरे म्हणजे एकाखाली एक ठेवलेली मूल्यं, पहिल्याचा क्रमांक शून्य’ एवढं सांगून पुढे जातात. पीएचपीपुरतं हे वाक्य अपुरं आहे, आणि तुमच्या चारपैकी तीन तक्रारी त्या अपुरेपणातूनच आल्या आहेत.

पीएचपीचा ॲरे हा किल्ली आणि मूल्य यांच्या जोड्यांचा संच असतो. त्या जोड्या कोणत्या क्रमाने आत आल्या, हेही तो लक्षात ठेवतो. म्हणजे प्रत्येक मूल्याला दोन वेगळ्या गोष्टी चिकटलेल्या असतात: रांगेतली जागा आणि स्वतःची किल्ली. तुम्ही

$गुण = [७२, ३१, ९१];

असं लिहिता तेव्हा किल्ल्या पीएचपी स्वतः वाटते: ०, १, २. जागा आणि किल्ली योगायोगाने जुळलेल्या असतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात टोकन दिलेलं असावं तसं हे आहे. मधला माणूस निघून गेला की रांग पुढे सरकते, पण मागच्याच्या हातातलं टोकन बदलत नाही. किल्ल्या अशाच टिकून राहतात.

(वरची ओळ मी मुद्दाम देवनागरीत लिहिली आहे. पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. करून पाहताना अंक मात्र कीबोर्डवरचे इंग्रजी टाइप करा, देवनागरी अंकांना पीएचपी संख्या मानत नाही. पुढे येणारी फंक्शनांची नावंही इंग्रजीतच टाइप करायची: ॲरे_फिल्टर म्हणजे array_filter.)

आता पहिली तक्रार पाहू. गाळणीसाठी तुम्ही ॲरे_फिल्टर वापरलं असणार. हे फंक्शन नको ती मूल्यं काढतं आणि उरलेल्यांच्या किल्ल्या जशाच्या तशा ठेवतं. वरच्या उदाहरणात ३१ गुण गळाले की हाती येतं

[० => ७२, २ => ९१]

मधली १ ही किल्ली नाहीशी झाली. पीएचपीत लूप फिरवलात तर काहीच जाणवणार नाही, दोन्ही गुण क्रमाने छापले जातील. पण ब्राउझरकडे पाठवण्यासाठी ॲरेचा जेसन नावाच्या रूपातला मजकूर करून देणाऱ्या जेसन_एन्कोडपुढे हा ॲरे गेला की ते विचार करतं: किल्ल्या शून्यापासून सुरू होऊन एकेकाने वाढताहेत का? असतील तर चौकोनी कंसातली यादी, नसतील तर महिरपी कंसातलं ऑब्जेक्ट. तुमच्या बाबतीत मध्ये खंड आहे, म्हणून ऑब्जेक्ट गेलं. पलीकडचा जावास्क्रिप्ट कोड यादीची वाट पाहत होता, त्याला ती मिळाली नाही आणि पडदा कोरा राहिला. न गाळलेली यादी चालते, कारण तिच्या किल्ल्या अखंड असतात. किंबहुना फक्त शेवटची नावं गळाली तरीही चालते, कारण खंड पडत नाही. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि शोधणाऱ्याला रडवतो.

उपाय एका शब्दाचा आहे. गाळल्यावर निकाल ॲरे_व्हॅल्यूज या फंक्शनमधून काढा, ते किल्ल्या टाकून देऊन शून्यापासून नव्या वाटतं. ब्राउझरकडे जाणाऱ्या प्रत्येक यादीला मी हे लावतोच, गाळणी असो वा नसो. आवृत्ती ८.१ पासून ॲरे_इज_लिस्ट हे फंक्शनही आहे. समोरचा ॲरे खरोखर यादी आहे का, एवढंच ते हो-नाहीत सांगतं. नुसतं अनसेट करून एखादी नोंद काढली तरी असाच खंड पडतो, आणि दुबार नावं काढणाऱ्या ॲरे_युनिकनेही.

गाळणीचा विषय निघालाच आहे तर तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्याकडे गुणांची नोंद आहे. ॲरे_फिल्टरला अट न देता नुसता ॲरे दिला, तर ते ‘रिकामी’ मूल्यं काढतं. पीएचपीच्या लेखी रिकामं म्हणजे नल (मूल्यच नसणं), फॉल्स (‘नाही’ हे मूल्य), रिकामी स्ट्रिंग (म्हणजे रिकामा मजकूर), रिकामा ॲरे आणि शून्यसुद्धा. परीक्षेला न बसलेल्यांच्या नल नोंदी काढायला गेलात तर परीक्षेला बसून शून्य गुण मिळवणाराही त्यांच्याबरोबर नाहीसा होईल. कोणतीही एरर येणार नाही. वर्गाची सरासरी मात्र वर चढेल, आणि ती का चढली हे कुणालाच कळणार नाही. तेव्हा अट नेहमी स्वतः लिहा: मूल्य नल नसेल तर ठेवा.

पहिलं नाव न सापडण्यामागेही किल्लीच आहे. ॲरे_सर्च ‘सापडलं’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देत नाही. सापडलं तर ते किल्ली परत करतं, नाही तर फॉल्स. पहिल्या नावाची किल्ली शून्य. तुमच्या इफने शून्य पाहिलं आणि ते फॉल्सच समजलं. निकाल फॉल्सशी ताडून पाहताना तीन चिन्हांची तुलना वापरा (!==), तिथे शून्य आणि फॉल्स वेगळे धरले जातात. आणि नाव आहे की नाही एवढंच हवं असेल, तर ॲरे_सर्चच्या वाटेला जाऊच नका, इन_ॲरे वापरा.

या दोन्ही फंक्शनांना तिसरी जागा असते, तिथे ट्रू द्या. न दिल्यास तुलना सैल होते, आणि पीएचपीची सैल तुलना संख्येसारख्या दिसणाऱ्या स्ट्रिंगना संख्याच मानते. ‘००७’ आणि ‘७’ तिला सारखेच. आवृत्ती ८.० येण्याआधी तर याहून वाईट होतं: ज्या ॲरेत नुसतं शून्य आहे त्यात कोणतंही अक्षरी नाव शोधलं तरी ‘आहे’ असं उत्तर यायचं. २०२० मध्ये ८.० ने तेवढं सुधारलं, पण ‘००७’ आणि ‘७’ आजही सारखेच ठरतात. तुमचे नोंदणी क्रमांक शून्याने सुरू होत असतील तर हे मनावर घ्या.

शेवटचं नाव गायब होण्याचं मात्र कारण वेगळं आहे, त्यात किल्लीचा दोष नाही. तुमच्या त्या पानावर एकाच ॲरेवर दोन फॉरईच लूप आहेत आणि पहिल्यात व्हेरिएबलच्या आधी ‘&’ हे चिन्ह आहे, याबद्दल मला शंका नाही. ते चिन्ह लावलं की व्हेरिएबल मूल्याची प्रत न राहता ॲरेतल्या त्या खऱ्या जागेचं दुसरं नाव होतं. म्हणून लूपमध्ये नाव सुधारलं की ॲरेतही सुधारतं. त्यासाठीच कुणीतरी ते लावलं असणार. अडचण अशी की लूप संपला तरी हे नातं तुटत नाही. तुमचं $नाव अजूनही शेवटच्या जागेला बांधलेलं असतं. दुसरा लूप त्याच $नाव मध्ये पहिलं नाव भरतो, आणि ते जाऊन बसतं शेवटच्या जागेत. मग दुसरं, मग तिसरं. शेवटून दुसरं नाव भरलं जातं तेव्हा शेवटच्या जागेतही तेच असतं, आणि अखेरच्या फेरीत लूप ती जागा स्वतःलाच वाचून देतो. मूळ शेवटचं नाव तोवर पुसलं गेलेलं असतं.

पहिला लूप संपताच $नाव अनसेट करा, नातं तुटेल. मला विचाराल तर ‘&’ काढूनच टाका आणि किल्ली घेऊन लूप फिरवा: फॉरईचमध्ये $नावे, मग $क्र => $नाव, आणि आत $नावे[$क्र] मध्ये नवं मूल्य. एक ओळ जास्त लागते, पण सहा महिन्यांनी ते पान उघडणाऱ्याला दगाफटका होत नाही. वेग वाढावा म्हणून लोक ‘&’ लावतात, तो समज चुकीचा आहे. पीएचपी ॲरेची प्रत लगेच बनवत नाही. एक ॲरे दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला किंवा फंक्शनला दिला, तर दोघं मिळून एकच साठा वापरतात आणि कुणी बदल करू लागलं की तेव्हाच प्रत निघते. जावास्क्रिप्टमध्ये असं नाही. तिथे दोन व्हेरिएबलमध्ये तोच ॲरे असतो आणि एकाकडून केलेला बदल दुसरीकडेही दिसतो. दुसऱ्या भाषांत ॲरे सरळ असतो असं जे तुम्हाला सांगतात, त्यांना हे जरूर दाखवा. प्रत्येक भाषेच्या ॲरेत असा एखादा कोपरा असतोच.

आता हजेरीचा फॉर्म. माझ्या मते सगळ्यांत गंभीर तक्रार ही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॉर्ममधल्या रकान्याच्या नावापुढे रिकामे चौकोनी कंस दिले की पीएचपी ते सगळे रकाने एका ॲरेत गोळा करते. तुमच्या सहकाऱ्याने बहुधा दोन अशा रांगा केल्या आहेत: नावांसाठी नाव[] आणि चेकबॉक्ससाठी हजर[]. मग पाचव्या नावाची हजेरी म्हणजे हजर मधली पाचवी नोंद, असं गृहीत धरलं आहे. पण खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. ‘नाही’ असंही पाठवत नाही, त्याचा उल्लेखच नसतो. वीस जणांत तिसरा गैरहजर असेल तर नावं वीस येतात, हजेऱ्या एकोणीस, आणि तिसऱ्यापासून पुढे सगळ्यांच्या हजेऱ्या एकेक घर वर सरकतात. चौथ्याची हजेरी तिसऱ्याला मिळते आणि विसावा गैरहजर ठरतो.

इथे किल्लीला कामाला लावायचं. रिकाम्या कंसांऐवजी प्रत्येक चेकबॉक्सच्या नावात त्या माणसाचा नोंदणी क्रमांक घाला: हजर[४२], हजर[४३]. पीएचपीकडे येणाऱ्या ॲरेत तोच क्रमांक किल्ली म्हणून येईल, मधले कितीही गळाले तरी उरलेल्यांच्या किल्ल्या हलणार नाहीत. मघाशी ज्या स्वभावाने तुमचा पडदा कोरा केला, तोच इथे तुमच्या बाजूने उभा राहतो. आणि गैरहजर कोण, हे फॉर्मला विचारू नका. डेटाबेसमधल्या पूर्ण यादीवर लूप फिरवा आणि प्रत्येक क्रमांकासाठी ती किल्ली आली आहे का ते इससेटने पाहा. यात आणखी एक फायदा आहे. फॉर्ममधून येणारी किल्ली कुणीही बदलून पाठवू शकतो, पण तुम्ही तुमच्याच यादीवर फिरत असल्यामुळे आगंतुक क्रमांक आपोआप दुर्लक्षिला जातो.

याच फॉर्मची आणखी एक मर्यादा आहे. पीएचपी एका वेळी येणारे रकाने मोजते, आणि मॅक्स_इनपुट_व्हार्स या सेटिंगची मूळ मर्यादा १००० असते. त्यापुढचे रकाने टाकून दिले जातात. वॉर्निंग निघते, पण ती सर्व्हरच्या नोंदीत जाते, फॉर्म भरणाऱ्याला दिसत नाही. माणशी चार रकाने असतील तर २५० माणसांत मर्यादा भरते आणि यादीतल्या शेवटच्यांची माहिती रोज हरवते. ही मर्यादा कोडमधून वाढवता येत नाही, कारण तुमचा कोड सुरू होण्याआधीच फॉर्म वाचून झालेला असतो. ती पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बदलावी लागते. मी तर फॉर्मच तुकडीवार पानांत तोडेन.

क्रमांकाला किल्ली करायची सवय लागली की बाकीचा कोडही सुटसुटीत होतो. डेटाबेसमधून नोंदींची यादी आली की

$क्रमवार = ॲरे_कॉलम($नोंदी, नल, 'क्रमांक');

एवढ्याने प्रत्येक पूर्ण नोंद आपापल्या क्रमांकाखाली बसते. मग ४२ क्रमांकाची व्यक्ती हवी असेल तर शोधाशोध नाही, थेट $क्रमवार[४२]. नावांचा एक ॲरे, गुणांचा दुसरा, हजेरीचा तिसरा असे समांतर ॲरे दिसतील तिथे मोडून टाका.

मात्र अशा ॲरेला तीन ठिकाणी जपावं लागतं. एक म्हणजे किल्ली फक्त पूर्णांक किंवा स्ट्रिंग असू शकते, आणि पीएचपी गुपचूप रूपांतर करते. ‘८’ ही स्ट्रिंग किल्ली म्हणून दिली तर तिचा पूर्णांक ८ होतो, पण ‘०८’ स्ट्रिंगच राहते. म्हणजे ‘०४२’ आणि ४२ या दोन वेगळ्या किल्ल्या झाल्या, सैल तुलनेत दोन्ही सारख्या असल्या तरी. क्रमांक एकाच रूपात ठेवा, सगळीकडे.

दुसरं, जोडणी. सकाळची आणि संध्याकाळची तुकडी एकत्र करायला ॲरे_मर्ज वापरलंत तर ते अंकी किल्ल्या टाकून शून्यापासून नव्या वाटेल, म्हणजे नोंदणी क्रमांक गेले. तिथे नुसतं अधिक चिन्ह वापरा: $सकाळ + $संध्याकाळ. ते किल्ल्या राखतं. तीच किल्ली दोन्हीकडे असेल तर डावीकडची नोंद टिकते. साध्या याद्यांना मात्र उलटं. [१, २] + [३, ४, ५] चं उत्तर [१, २, ५] येतं, कारण ० आणि १ या किल्ल्या आधीच भरलेल्या असतात. यादी असेल तर मर्ज, किल्लीवार नोंदी असतील तर अधिक.

तिसरं, क्रम लावणं. सॉर्ट आणि यूसॉर्ट किल्ल्या फेकून देतात. किल्ल्या राखून मूल्यांप्रमाणे लावायचं असेल तर एसॉर्ट किंवा यूएसॉर्ट, किल्ल्यांप्रमाणे लावायचं असेल तर केसॉर्ट. ही सगळी मूळ ॲरेच बदलतात आणि परत देतात फक्त ट्रू. म्हणून $नवी = सॉर्ट($जुनी) असं लिहिलं तर $नवी मध्ये यादी नसून ट्रू असतं. ॲरे_मॅप आणि ॲरे_फिल्टर नवा ॲरे परत देतात, सॉर्ट देत नाही. यात सुसंगती नाही हे मान्यच करावं लागतं. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी खुली केलेली साधनं हळूहळू वाढत भाषा झाली, आणि ॲरेची फंक्शनं पाहताना ते जाणवतं. पाठ करायचा हट्ट धरू नका, प्रत्येक वेळी माहितीपत्रक उघडून पाहा. जाणकारही तेच करतात.

आणि काहीही शंका आली की ॲरे छापून पाहा, पण प्रिंट_आरने नको. ते नल, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही कोरं दाखवतं. व्हार_डंप वापरा, त्यात किल्ली स्ट्रिंग आहे की पूर्णांक, हेही अवतरणचिन्हांवरून कळतं. तुमच्या पहिल्या तक्रारीत गाळणीनंतर हे केलं असतं तर ० च्या खाली थेट २ दिसला असता.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. चौकोनी कंसांची पद्धत २०१२ मध्ये आवृत्ती ५.४ बरोबर आली. त्याआधी ‘ॲरे’ शब्द लिहून गोल कंसच द्यावे लागत. दोन्हींचा अर्थ अगदी एकच आहे, जुनी पद्धत आजही पूर्ण वैध आहे आणि बदलल्याने वेगात काडीचाही फरक पडत नाही. नवा कोड चौकोनी कंसात लिहा, जुना चालतोय तसा राहू द्या. तो वेळ आधी हजेरीच्या फॉर्मला द्या, कारण बाकीच्या दोषांत माहिती फक्त चुकीची दिसते, तिथे ती रोज चुकीची साठवली जाते आहे. दुरुस्ती झाली की जुन्या हजेऱ्याही तपासायला घ्या. ज्या दिवशी एकही जण गैरहजर नव्हता ते दिवस बिनधोक आहेत, बाकीच्या दिवसांसाठी कागदावरच्या सह्या असतील तर त्या काढा.